स्वतःच पुस्तक काढायचंय? आधी हिशेब मांडूया



"पुस्तक लिहून झालंय, आता नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक होऊ का?" आमच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: एवढ्यात नको. अमीश त्रिपाठींचं 'द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा' 2010 मध्ये आलं. त्याआधी अनेक प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. मग त्यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांच्या काउंटरवर फुकट वाटायला ठेवलं. (आम्ही दुकानदार याला सॅम्पल म्हणतो!) आणि नोकरी सोडली ती रॉयल्टी पगाराच्या पुढे गेल्यावर.

आता आकडे बघा. समजा पुस्तकाची किंमत 200 रुपये, छपाई प्रतीमागे 70. विक्रेत्याला 45 टक्के सूट दिली की हातात 110 येतात, म्हणजे उरले 40. तेच तुम्ही थेट वाचकाला पोस्टाने पाठवलं आणि टपालखर्च 40 धरला, तर उरतात 90. संपादन, मुखपृष्ठ, मांडणी यावर 30 हजार गेले असतील तर ते वसूल व्हायला थेट विक्रीतून 334 प्रती जायला हव्यात. दुकानातून 750! शिवाय दुकानात माल बहुतेक वेळा विक्रीनंतर पैसे या बोलीवर राहतो, न खपलेला परत येतो. म्हणून पहिल्याच फटक्यात 1000 प्रती छापू नका, घरात गठ्ठे पडून राहतात.

खरी कमाई दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकापासून सुरू होते. नवीन पुस्तक आवडलेला वाचक जुनंही मागतो, आणि जुन्याचा मांडणीचा खर्च तोवर फिटलेला असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयएसबीएन केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पॅकेज विकणाऱ्या कंपनीकडे जाणार असाल तर छपाईची फाइल कुणाच्या ताब्यात राहणार ते आधी लिहून घ्या. हक्क देताना करारात मुदत टाकाच, नाही टाकली तर आपला कायदा 5 वर्षं धरतो. ई-बुकसाठी अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट घ्यावं लागतं, आणि मग ते ई-बुक 90 दिवस दुसरीकडे कुठेच विकता येत नाही.

तिथे एक अडचण आहे. पुस्तक कुणी घेतलं ते तुम्हाला कळतच नाही. म्हणून शेवटच्या पानावर तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर छापा, "वाचून कसं वाटलं, कळवा" असं लिहा. जो कळवेल त्याचं नाव, गाव, कोणतं पुस्तक घेतलं, सगळं वहीत टिपून ठेवा. उधारीच्या वहीइतकी ती जपा, पुढच्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी तिच्यातूनच होते.

छापखान्याचं कोटेशन कसं वाचायचं ते पुढच्या व्हिडिओत बघू.