ग्राफिटीतला ळ

करोल बागेत बँक स्ट्रीटच्या आसपास, बिडनपुरा-रेगरपुऱ्याच्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातली बरीच कुटुंबं राहतात. खानापूर, आटपाडी या भागांतून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी आलेली. त्यांची मुलं घरात गावाकडची मराठी बोलतात, शाळेत हिंदी-इंग्रजी लिहितात. माझ्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला बहुतेक हीच मुलं येतात. त्यांना मी ग्राफिटीची अक्षरं काढायला शिकवते आणि सुरुवात ज्याच्या त्याच्या नावापासून करते, कारण ग्राफिटीचा इतिहासही नावापासूनच सुरू होतो.

१९६०च्या दशकात फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड या टोपणनावाचा एक पोरगा शहरभर तेच नाव लिहीत सुटला. न्यूयॉर्कमध्ये डेमेट्रियस नावाच्या मुलाने ‘टाकी १८३’ लिहायला घेतलं. टाकी हे त्याचं लाडाचं नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. निरोप पोचवायचं काम असल्याने तो शहरभर फिरे आणि जाईल तिथे नाव सोडून येई. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर बातमी छापली आणि गल्लोगल्लीची पोरं मार्कर घेऊन बाहेर पडली. एवढ्या नावांत आपलं नाव उठून दिसायचं तर अक्षरालाच रूप द्यावं लागणार. ब्राँक्समधल्या ‘फेज टू’ या कलाकाराने १९७२च्या सुमारास फुगीर, गुबगुबीत अक्षरं काढली. अक्षरांना बाण जोडण्यातही तो पुढे होता. भुयारी रेल्वेचे डबेच्या डबे रंगले. प्रशासनाने शेवटचा रंगवलेला डबा मार्गावरून काढला तो मे १९८९ मध्ये.

हे सगळं अमेरिकेतलं, असं मुलांना वाटू नये म्हणून मी त्यांना मुंबईजवळच्या कान्हेरीला नेते, अर्थात फोटोंमधून. तिथल्या एका लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्यात. मग अजिंठा. तिथे दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव थेट प्राचीन चित्रावर ओरबाडलं. ‘मग हे चांगलं की वाईट?’ असं मुलं विचारतातच. मी स्पष्ट सांगते: कान्हेरीच्या नावांतून आज इतिहास कळतो, पण दुसऱ्याच्या चित्रावर नाव कोरणं ही नासधूसच.

पालकांची काळजी वेगळी असते. ‘ताई, पोरं उद्या लोकांच्या भिंती खराब करतील ना?’ त्यांच्यासमोरच मी मुलांना कायदा सांगते. दिल्लीत २००७च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याखाली परवानगीशिवाय भिंत रंगवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि याच दिल्लीत २०१४ साली आयटीओजवळ, तेव्हाच्या पोलिस मुख्यालयाच्या भिंतीवर, हेंड्रिक बायकिर्ख आणि अनपू वर्की यांनी परवानगीने गांधीजींचं प्रचंड चित्र काढलं. यातला फरक मुलांना चटकन कळतो. आमचा वर्ग चालतो तो ब्राउन पेपरवर आणि गफ्फार मार्केटमधून आणलेल्या रिकाम्या खोक्यांवर. स्प्रेचा डबा मी लहान मुलांच्या हाती देत नाही, त्याची वाफ छातीला वाईट. पोस्टर कलर आणि तिरप्या टोकाचा मार्कर पुरतो.

पद्धत सोपी आहे. आधी पेन्सिलने नाव अगदी फिकं लिहायचं. मग प्रत्येक रेषेभोवती बोटभर अंतर ठेवून दुसरी रेषा ओढायची, फुग्यात हवा भरावी तसं अक्षर फुगतं. शेजारची अक्षरं एकमेकांवर थोडी चढू द्यायची, पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं ते ठरवायचं, आतल्या रेषा खोडायच्या. उजेड कुठून येतो ते एकदा ठरलं की उरलेल्या बाजूला जाड सावली. रोमन अक्षरांचं काम इथे संपतं. देवनागरीत खरी गंमत शिरोरेषेपासून सुरू होते. ती सगळ्या नावावर छपरासारखी सलग ठेवायची की प्रत्येक अक्षराला वेगळी द्यायची, की काढूनच टाकायची? वेलांटीचा बाण होतो, उकार खाली लोंबतो, मात्रा वर उसळते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवत, हे सांगितलं की दोन-चार जण लगेच तसं करून बघतात. मोडी भरभर लिहायची लिपी, आणि रस्त्यावर घाईत मारलेली नावाची सहीसुद्धा वेगातूनच वळण घेते.

आणि मग ळ. एका साळुंखे आडनावाच्या मुलाने पहिल्या दिवशी ‘सालुंखे’ लिहिलं, कारण शाळेत हिंदीत तसंच लिहितात. बोलताना मात्र त्याचा ळ खणखणीत. मी त्याला फळ्यावर ळ काढून दाखवला. दोन गोल पोटं शेजारी शेजारी, फुगवायला याच्याइतकं सोयीचं अक्षर वर्णमालेत नाही. त्याने एका पोटात पिवळा भरला, दुसऱ्यात नारिंगी, वर पांढरा चमकीचा ठिपका. बाकीचा वर्ग आपापल्या नावात कुठे ळ सापडतो का ते शोधू लागला. ज्यांच्या नावात नव्हता, त्यांनी गावाचं नाव घेतलं.

अशी अक्षरं खऱ्या भिंतींवर बघायची तर करोल बागेतून मेट्रोने राजीव चौकात गाडी बदलून जोरबागला उतरलं की लोधी कॉलनीच्या रंगवलेल्या भिंती चालत गाठता येतात. स्टार्ट इंडिया या संस्थेने तिथे देशोदेशीचे कलाकार आणले. तिच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी २०२४ साली गेले. फ्लेक्सने पोटावर पाय आणलेल्या रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरवळणं त्यांनी गोळा करून जपली, हे काम मला भिंतींहूनही मोलाचं वाटतं. डाकू या नावाने काम करणाऱ्या कलाकाराने आपलं नाव देवनागरीतच रंगवलं. त्याने २०१६ मध्ये याच कॉलनीत केलेल्या कामात भिंतीतून बाहेर आलेल्या अक्षरांच्या सावल्यांतून शब्द उमटत आणि ऊन कलेल तसे लांबत, पुसट होत. मराठी मुलांना मी याच रांगेत अक्षरकार कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षकं आणि सुलेखनकार अच्युत पालव यांची मोडीवरची कामं दाखवते. सुंदर अक्षर आपल्याकडेही रस्त्यावर आणि जाहिरातीतच वाढलं, हे त्यांना माहीत असायला हवं.

दिल्ली, इंदूर, बडोदा किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी आईबापांना माझं एक सांगणं आहे. मुलाला बाराखडीची वही देण्याआधी एक मोठा खोका आणि जाड मार्कर द्या, आणि त्याचं नाव मराठीत हातभर मोठं काढायला लावा. नावात किंवा आडनावात ळ असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करा.