विश्लेषण : समाजमाध्यमांवरून चिनी शब्दांचे धडे, ऑस्ट्रेलियातील वयोमर्यादेनंतर काय उरते?

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, फेसबुक, यूट्यूब आदी समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. नियम न पाळणाऱ्या कंपन्यांना 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. या निर्बंधाची चर्चा प्रामुख्याने मुलांच्या मानसिक आरोग्यापुरती राहिली. भाषेच्या तासाशीही मात्र त्याचा संबंध आहे. 2021 च्या जनगणनेनुसार या देशातील घरांत इंग्रजीखालोखाल मँडरिन चिनी बोलली जाते आणि अनेक माध्यमिक शाळांत ती शिकवली जाते.

चिनी शब्दसंग्रह शिकवताना लघु चित्रफितीचा उपयोग का होतो, हे भाषेच्या घडणीतच दिसते. ‘मा’ हा एकच उच्चार उंच, सपाट सुरात केला तर त्याचा अर्थ आई, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा आणि झपकन उतरणाऱ्या सुरात रागावणे असा होतो. छापील पानावरून हा फरक कानाला कळत नाही. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत मात्र ध्वनी, ओठांची हालचाल आणि अक्षर एकत्र येतात. ‘आई’ या अक्षराची डावी बाजू ‘स्त्री’ची व उजवी ‘घोड्या’ची, त्यातील घोडा अर्थासाठी नव्हे, केवळ उच्चार सुचवण्यासाठी आहे. जोडशब्दांचेही तसेच. वीज आणि बोलणे मिळून दूरध्वनी, वीज आणि मेंदू मिळून संगणक, वीज आणि सावली मिळून चित्रपट. ‘दूरध्वनी’, ‘दूरदर्शन’ घडवणाऱ्या मराठीला ही रीत परकी वाटू नये.

अडचण पुढे येते. पाहिलेला शब्द ओळखणे वेगळे आणि गरज पडताच तो आठवणे वेगळे. शिकलेले किती वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते. त्यावरील उपाय म्हणजे ठरावीक अंतराने उजळणी. समाजमाध्यमाचे गणित याच्या उलट चालते. कालचा शब्द परत आणण्यापेक्षा नजर खिळवणारे नवे काही दाखवण्यात त्याचा फायदा असतो. शिवाय भ्रमणध्वनीवर रोमन लिपीत उच्चार टंकला की अक्षरांचे पर्याय समोर येतात. त्यामुळे निवडीचा सराव होतो, हाताने लिहिण्याचा नाही. लेखणी उचलताच अक्षर विसरणे, अशा अर्थाचा वाक्प्रचार खुद्द चिनी भाषेतच रूढ आहे.

म्हणूनच शिक्षकाने नुसती चित्रफीत टाकून भागत नाही. विद्यार्थ्याने तो शब्द वापरून प्रतिक्रियेत वाक्य लिहिणे, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करणे आणि आठवड्याने तोच शब्द दुसऱ्या वाक्यात पुन्हा भेटणे, यातून तो पक्का होतो. ऑस्ट्रेलियातील निर्बंधाचा घाव नेमका इथे बसतो. खात्याविना यूट्यूबवरील चित्रफिती पाहता येतात, प्रतिक्रिया देता येत नाही. म्हणजे बघ्याची भूमिका शाबूत, उत्तर देण्याची वाट बंद. गूगल क्लासरूम व व्हॉट्सअॅप यांना या निर्बंधातून वगळले आहे. त्यामुळे वर्गातील देवाणघेवाण तिकडे हलवता येते, पण वर्गाबाहेरचा चिनी भाषक श्रोता तिथे भेटत नाही. अर्थात, मुख्य भूमी चीनमध्ये इन्स्टाग्राम व यूट्यूब बंदच असल्याने हा श्रोता बहुधा तैवान, सिंगापूर किंवा मलेशियातील असे. त्यातही तैवानमध्ये पारंपरिक अक्षरे चालतात, सुलभ केलेली नव्हेत.

भारतातील स्थिती निराळी आहे. टिकटॉक व वीचॅटसह 59 चिनी अॅपवर जून 2020 मध्ये बंदी आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांची उदाहरणे देताना कोरियन, जपानी, थाई यांचा उल्लेख झाला. 2019 च्या मसुद्यात असलेले चिनीचे नाव अंतिम धोरणात नव्हते. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. चिनी शिकवणाऱ्या शाळेने समाजमाध्यमाचा आधार घ्यायचे ठरवले, तर तिलाही आधी या तरतुदीचा विचार करावा लागेल.