मिशरी सोडा, हिरड्या सांभाळा

आपला कोपरगाव तालुका उसाचा. मागच्या गळीत हंगामात एका फडावर ऊसतोडीच्या मावशींना कांडकं सोलून दिलं, तर त्यांनी ते बाजूला ठेवलं. "दात हलत्यात, साहेब. कसं चावू?" वय चाळिशीच्या आतलं. कमरेला मिशरीची डबी.

दात हलू लागले की आपण दाताला दोष देतो. खरा रोग बहुधा हिरडीचा असतो. मुळाजवळची माती वाहून गेली तर झाड उभं राहील का? तसंच हे. दातावर रोज चिकट थर बसतो, त्यात जंतू वाढतात. थर निघाला नाही तर त्याचं दगडासारखं किटण होतं. हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. इथवर रोग पूर्ण बरा होतो. पुढे हिरडी दातापासून सुटते, पू येतो, तोंडाला वास येतो आणि दाताला धरणारं हाडच झिजतं. ते सहसा परत भरून येत नाही.

मिशरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. "तिनं रक्त थांबतं," असं बायका सांगतात. यात फसगत आहे. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसतं. रोग आतून चालूच राहतो. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका. गरोदरपणी मिशरी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं.

मग करायचं काय? मऊ ब्रशनं सकाळी व रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं दात घासावेत. राख, विटकर वापरू नये. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, पण किटण निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं. त्यानं दात ढिले होतात हा गैरसमज आहे. मधुमेह असणारांनी जास्त जपावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

शेजारच्या राहाता तालुक्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

पानावर पहिला ठिपका दिसताच तुम्ही औषध विचारायला येता. हिरडीतलं रक्त हाही तसाच पहिला ठिपका. हयगय करू नका.