चिकटतं, पण डिंक नव्हे

पोळ्याच्या आठवड्यात सौंसरला आत्याचा ईसीजी काढायला नेलं होतं. छातीवर पॅड लागताच तिने माझा हात घट्ट धरला. "आता करंट सोडतील का रे?" हीच धास्ती पांढुर्ण्यापासून नागपूरपर्यंत कितीतरी रुग्णांना असते, विचारायला मात्र संकोच वाटतो.

करंट सोडत नाहीत. ठोक्यागणिक हृदयात तयार होणारी वीज कातडीपर्यंत येता येता जेमतेम 1 मिलिव्होल्ट उरते, म्हणजे घड्याळातल्या सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढी. मशीन तेवढीच टिपतं. शॉक देतो तो डिफिब्रिलेटर. त्याच्या पॅडलाही असंच जेल असतं, पण ते यंत्र वेगळं आणि प्रसंगही वेगळा.

पॅडखाली नुसता डिंक असतो, हा दुसरा समज. काही पॅडना कडेने गोंद असतो हे खरं, पण मधला गार लागणारा भाग हायड्रोजेलचा. काही पॅडमध्ये तर ते जेल स्वतःच चिकटतं. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी लांबलचक रेणूंची जाळी. आपल्या भागात हे समजायला एक संत्रं पुरे. सालीखालच्या पांढऱ्या थरात पेक्टिन असतं. संत्र्याचा मुरंबा गार झाल्यावर थरथरतो, वाहत नाही, कारण रस पेक्टिनच्या जाळीत अडकलेला असतो. पॅडमध्ये रसाच्या जागी खारं पाणी असतं, आणि सगळी किमया त्या खारेपणात आहे. शरीरातली वीज सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांच्या आयनांवरून वाहते, तारेतली इलेक्ट्रॉनांवरून. जेल आयनांना कातडीच्या कोरड्या थरातून वाट करून देतं आणि पॅडच्या बटणावरच्या सिल्व्हर क्लोराइडपाशी आयन व इलेक्ट्रॉन यांची अदलाबदल होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विलेम आइंथोव्हेन रुग्णांना हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायला सांगत. ती भांडीच आज या चकतीत आली आहेत.

म्हणूनच वाळलेलं पॅड टेप लावून पुन्हा वापरणं चूक. पाणी उडालं की वाट बंद होते, आणि कागदावर उमटतो तो बिघाड हृदयाचा की पॅडचा हे कळत नाही. आत्याने सकाळी छातीला निलगिरीचं तेल चोळलं होतं. पहिला कागद नुसत्या थरथरत्या रेघांचा निघाला. सिस्टरने कातडी पुसून पॅड बदलले, तेव्हा कुठे ठोके नीट दिसले. ईसीजीला जाताना छातीला तेल, बाम, पावडर काहीही लावू नका.

'जितकं चिकट तितकं चांगलं' हेही खरं नाही. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते. पॅड ओढताना ती सोलवटते. शरीराच्या आत पट्टी चिकटवायची तर अडचण उलटी असते. तिथे ओलावाच चिकटू देत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत झाओ शुआन्हे यांच्या गटाने 2019 मध्ये एक कोरडी पट्टी दाखवली. ती आधी तो ओलावा शोषते, मग पाचेक सेकंदांत ऊतीला धरते. पुढे त्यात ग्राफीन मिसळून वीज वाहणारी पट्टीही झाली. पण धडधडत्या हृदयावर महिनोन्‌महिने टिकणं आणि शरीराला न बाधणं अजून सिद्ध व्हायचं आहे. यातलं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे.

हे सारं परदेशातच चालतं असंही समजू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पाणी धरून ठेवणारा 'जलशक्ती' हा पदार्थ फार पूर्वीच तयार केला. तिथल्याच श्यानी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी 2006 मध्ये कापलेलं जेल धातूच्या आयनांच्या मदतीने पुन्हा सांधल्याचं प्रसिद्ध केलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण सतत हलणाऱ्या शरीरावर जेल फाटणारच.

जखम भरण्यासाठी वीजवाहक जेलवर संशोधन चालू आहे, हे ऐकून पांढुर्ण्याच्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या खेळात, फुटलेल्या डोक्यांवर ते चालेल का, असं एका पोराने मला विचारलं. नाही रे बाबा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दगड लागला तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धर, टाक्यांसाठी आणि धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखाना गाठ. उलटी झाली किंवा गुंगी आली तर क्षणभरही थांबू नकोस.