फी भरण्याआधी चार प्रश्न

आमच्या मोहल्ल्यातील एका मुलीने बारावीनंतर वर्षभराचा ‘नर्सिंग’ कोर्स केला. फीसाठी अम्मीने बांगड्या मोडल्या. सर्टिफिकेट घेऊन ती मोठ्या इस्पितळात गेली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “कौन्सिलचा नोंदणी क्रमांक?” तो नव्हता. त्या कागदावर तो मिळणारही नव्हता.

निकाल लागले की गल्लोगल्ली अशा कोर्सची पत्रके येतात. फी भरण्यापूर्वी आईवडिलांनी चार प्रश्न विचारावेत.

पहिला, मान्यता कोणाची? संस्था ‘रजिस्टर्ड’ असणे वेगळे आणि कोर्स मान्यताप्राप्त असणे वेगळे. ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून नोंदणी झाली, एवढ्याने कोर्सला मान्यता मिळत नाही. पाटीवरचे ‘आयएसओ ९००१’ हेही संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीविषयी असते, शिक्षणाच्या मान्यतेविषयी नाही.

दुसरा, या कामाला कायद्याने नोंदणी लागते का? नर्सला नर्सिंग कौन्सिलची आणि फार्मासिस्टला फार्मसी कौन्सिलची नोंदणी लागते. नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा असतो. मग सहा महिन्यांत किंवा वर्षात कोणी नर्स कशी करून देईल? आपल्या कॉलेजचे नाव कौन्सिलच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहावे. पदवीचा कोर्स असेल तर विद्यापीठ अनुदान आयोग जाहीर करतो ती बनावट विद्यापीठांची यादीही पाहावी.

तिसरा, परीक्षा कोण घेते? जो फी घेतो, तोच शिकवतो, तोच पास करतो, अशा कागदाला बाजारात वजन नसते. आखातात जाणारा पाइप वेल्डर घ्या. ‘सिक्स-जी’ चाचणीत ४५ अंशांत तिरका बसवलेला पाइप न फिरवता त्याला जोडून दाखवावा लागतो. अमेरिकन एएसएमई संहितेनुसार तर त्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केले नाही, की पात्रताच संपते. तिथे कागदामागे हाताचे कसब उभे असते.

चौथा, मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत? भिंतीवरच्या फोटोंवर जाऊ नका. दोघा-तिघांना स्वतः फोन करा.

ती मुलगी आता जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. एक वर्ष आणि बांगड्या गेल्या. तुमच्या घरी हे चार प्रश्न आधीच विचारले गेले, तर दोन्ही वाचतील.