आबांची हजेरी

दिवाळी अंकांतून आठवणी छापून येतात त्या बहुधा थोरामोठ्यांच्या. मी आज ज्यांची आठवण सांगणार आहे त्यांचे नाव उभ्या आयुष्यात नेमाने लिहिले गेले ते एकाच कागदावर, दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर. ते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. ते कधी सरपंच झाले नाहीत की देवळाच्या पंचांत बसले नाहीत. म्हातारी आई, बायको, दोन मुले, एक खिलार जोडी आणि थोडी जिराईत जमीन, एवढाच त्यांचा प्रपंच. पण तो त्यांनी कसा ओढला, हे सांगण्याजोगे आहे.

आमचे गाव लोणी भापकर. बारामतीचे नाव निघाले की शहरातल्या माणसाला हिरवागार ऊस आणि साखर कारखान्यांची धुराडी आठवतात. ती बारामती कालव्याची. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा काढला, भोरजवळ भाटघरचे धरण बांधले, आणि कालव्याखालच्या पट्ट्याचे नशीब पालटले. पण पाणी काही चढावर चढत नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला जी गावे राहिली ती जिराईतच राहिली. आमचे लोणी त्यांतले. गावात मल्लिकार्जुनाचे हेमाडपंती देऊळ आहे, त्यापुढे कोरीव दगडांची देखणी पुष्करणी आहे, यज्ञवराहाची मूर्ती आहे. लांबलांबची जाणती माणसे ते पाहायला येतात. पण शेताला पाणी नाही, ते नाहीच. पाऊस पडला तर बाजरी, परतीचा पडला तर ज्वारी, आणि नाही पडला तर आभाळाकडे डोळे.

आबा चौथीपर्यंत शिकले होते. पहाटे तारे असताना उठायचे, गोठा लोटायचा, बैलांना वैरण टाकायची आणि मग तांब्याभर चहा घेऊन शेताची वाट धरायची. बोलणे मोजके. आम्हां मुलांना त्यांनी कधी जवळ घेऊन गोंजारल्याचे मला आठवत नाही. पण बाजाराहून येताना पिशवीच्या तळाशी शेवचिवड्याची पुडी असायचीच, आणि ती आईच्या हाती देऊन ते मुकाट्याने गोठ्याकडे निघून जात.

१९७२ साल उजाडले. आदल्या वर्षीही पावसाने हात आखडता घेतला होता, या वर्षी तर त्याने पाठच फिरवली. विहिरींचा तळ दिसू लागला. बाजरी हातभर वाढून करपली. बैलांसाठी आबा कालव्याच्या पट्ट्यातून उसाचे वाढे आणीत. येण्याजाण्यात सारा दिवस जाई. पुढे वाढ्यांचाही भाव चढला, तेव्हा एका बाजाराच्या दिवशी ते जोडी घेऊन गेले आणि संध्याकाळी नुसते कासरे खांद्यावर टाकून परतले. त्या रात्री ते जेवले नाहीत. आजीने विचारले, तर म्हणाले, "पोट भरलंय."

मग सरकारी कामे निघाली. कुठे पाझर तलाव, कुठे नालाबांध, कुठे खडी फोडणे. ऐन कडाक्यात, १९७३ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रभर जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्या लाखांतले एक आमचे आबा, एक आमची आई. दिवसाकाठी दोन-तीन रुपये पडत, तेही मोजमापात काम भरले तर. रेशनला अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापता थापता मोडायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी वाटीत. आबा आपली सुकडी उपरण्याच्या टोकाला बांधून घरी आणीत आणि आजीपुढे ठेवीत.

चार घास कमी खाऊन हे सारे निभले असते. पण दोघांच्या मजुरीत पाच तोंडे भागेनात. मुकादम ओळखीचा होता. तो आबांना म्हणाला, "पोरगं तेरा वर्साचं हाय न्हवं? घाला त्याचं नाव. वय मी बघतो." माझ्या वर्गातली निम्मी मुले तेव्हा खडीवर होती. आबा म्हणाले, "पोरगं शाळंत जाईल. त्याचं नाव लिवू नका."

नाव लिहिले गेले ते अक्काचे. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नववीत होती, आणि आमच्या दोघांत हुशार कोण असे विचाराल तर मास्तरांनी तिचेच नाव घेतले असते. तिने दप्तर खुंटीला अडकवले आणि दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर पाटी डोक्यावर घेतली. घरात रडारड झाली नाही, चर्चाही झाली नाही. त्या काळी घरोघर हेच चाले, म्हणून कुणाला त्यात वावगे वाटले नाही. कुणाला म्हणजे आबा सोडून.

आबांना वाटले, हे मला त्या आठवड्याच्या पगाराच्या दिवशी कळले. मी भाकरी घेऊन कामावर गेलो होतो. मजूर एकेक करून पुढे येत, कारकून शाईचा पॅड पुढे सरकवी आणि हजेरीपटावर अंगठे उमटत. आबा मात्र सही करीत. त्यांच्यामागून अक्का पुढे झाली आणि तिने आपले पूर्ण नाव वळणदार अक्षरांत लिहिले. कारकून चष्मा वर करून म्हणाला, "झकास अक्षर आहे हो पोरीचं!" कौतुकानेच म्हणाला तो. आबांनी पैसे मोजलेसुद्धा नाहीत. मूठ मिटली आणि तोंड फिरवून ते बांधाकडे चालू लागले.

पुढे पाऊस आला. मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो. अक्काचे लग्न झाले, शाळा सुटली ती सुटलीच. दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना नेटाने लावून धरली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. कचेरीत माझे सहकारी पगारातल्या त्या कपातीवर कुरकुरत. मला तो कारकून आणि त्याच्यापुढचा हजेरीपट आठवे.

गावात डेअरीचे दूध सुरू झाले तेव्हा आबांनी कर्ज काढून एक संकरित गाय घेतली, मग दुसरी. दुधाच्या प्रत्येक पगारातून ते काही रक्कम बाजूला काढीत आणि पोस्टात भरीत. आम्हांला वाटे, म्हातारपणाची तरतूद असेल. १९९१ साली अक्काच्या मुलीने डी. एड. ला जायचे म्हटले. अक्काच्या घरी पैशांची ओढाताण होती. आबा पोस्टाचे पुस्तक घेऊन तिच्या दारात उभे राहिले. खाते त्या नातीच्या नावाचे होते, पहिली भरती ती पाच वर्षांची असतानाची. अक्का म्हणाली, "आबा, हे कशाला?" ते म्हणाले, "मागली बाकी हाय."

आबा १९९८ साली गेले. दहाव्याला आम्ही भावंडे ओट्यावर बसलो होतो. भाची तेव्हा शाळेत शिकवत होती, पाटीवरच्या खडूची पांढरी बोटे पदराला पुसायची तिला सवय होती. बोलता बोलता पोस्टाच्या पुस्तकाचा विषय निघाला. मी म्हणालो, "आबांनी तुझी बाकी फेडली." अक्का बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फिटायची नव्हती रे ती. त्यांनाबी ठावं होतं. पण बाकी हाय, एवढं तरी त्यांनी वळखलं. गावात किती बापांनी वळखलं?"

मग ती उठली आणि गाईंच्या धारेची वेळ झाली म्हणून गोठ्याकडे गेली.