डोळे मिटल्यावर सोबत सुरांची

दिवाणखान्यासारखी सजवलेली खोली, कोचावर पडलेला रुग्ण, डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. शेजारी दोन उपचारक, बहुतेक वेळ मौन. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्करोगग्रस्तांवर सायलोसायबिनचे प्रयोग अशा वातावरणात झाले. विशिष्ट अळंब्यांत आढळणारे हे द्रव्य काही तास जाणिवेचे नेहमीचे रूपच पालटून टाकते. जिवावरच्या आजारामुळे चिंता व नैराश्याने ग्रासलेल्या ५१ रुग्णांचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांची मनोवेदना सहा महिन्यांनंतरही लक्षणीय उणावलेली आढळली.

त्या प्रदीर्घ तासांत रुग्णाशी बोलते कोण? संगीत.

याचा पद्धतशीर विचार मेरीलँडमधील संशोधन केंद्रात संगीतोपचारक हेलन बॉनी यांनी केला. डॉ. वॉल्टर पाह्नके यांच्यासह लिहिलेल्या, १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी एलएसडीच्या दिवसभर चालणाऱ्या अनुभवाचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला साजेसे संगीत सुचवले. विलंबित आलापीपासून द्रुत लयीकडे चढत जाऊन भैरवीशी विसावणारी मैफल ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. शब्द कळू लागले की मन अर्थामागे धावते. म्हणून ऐन भरात वाद्यसंगीत किंवा अनोळखी भाषेतील गायन पसंत केले जाते. हॉपकिन्सच्या यादीत ब्राह्म्सच्या जर्मन रेक्विएमबरोबर ‘ॐ नमः शिवाय’ही आहे. आपल्याकडच्या एखाद्या आजीला मात्र तो मंत्र अनोळखी कसा वाटावा? तिच्यासाठी यादी निराळीच करावी लागेल.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०१८ साली मांडलेला अभ्यास अवघ्या १९ नैराश्यग्रस्तांचा, पण बोलका आहे. ज्यांच्या मनाला संगीत भिडले, त्यांचे नैराश्य आठवड्यानंतर अधिक ओसरलेले दिसले. द्रव्याचा अंमल किती तीव्र होता, यावरून मात्र तसा अंदाज बांधता आला नाही. न रुचलेले संगीत काहींना जाचकही झाले.

हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नये. भारतात ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार निषिद्ध आहेत आणि मनोभ्रमाचा पूर्वेतिहास असलेल्यांना अशा अभ्यासांतूनही वगळले जाते. रुग्णशय्येजवळ दिवसभर भजने लावून ठेवणाऱ्या घरांनी मात्र त्या जाचाची आठवण ठेवावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठून आवाज बंद करता येत नाही. काय लावावे, किती हळू लावावे, की काहीच नको, हे त्यांनाच विचारावे. बोलता येत नसेल, तर सूर सुरू झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे आणि हातांच्या बोटांकडे पाहावे.